आधी काय थांबवायचं ते ठरवा

शाळेत मनाच्या आरोग्यासाठी काही करायचं ठरलं की आपल्याकडे आधी उपक्रम ठरतो. व्याख्यानाची तारीख निघते, पाहुण्यांसाठी गुलाबपुष्प आणि नारळ येतो, मुलं व्हरांड्यात दाटीवाटीनं बसून ‘ताणतणावाचं व्यवस्थापन’ तासभर ऐकतात आणि संध्याकाळी फोटो केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर जातात. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्यानं वाचून दाखवले जातात. कालच्या तासाभराचं काम पाच मिनिटांत पुसलं जातं.

हा लेख मुख्याध्यापकांसाठी, वर्गशिक्षकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांसाठी आहे. त्यात नवे उपक्रम फार सापडणार नाहीत. शाळेचा रोजचा दिवस कसा जातो, यावरच तिथल्या मुलांचं आणि शिक्षकांचं मन बरं राहतं किंवा बिघडतं. त्या दिवसात आधीच खूप काही कोंबलेलं आहे. म्हणून काही सुरू करण्यापूर्वी काय थांबवायचं ते ठरवावं, एवढंच मला सांगायचं आहे.

याला आधार आहे. ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात अकरा ते चौदा वर्षांची आठ हजारांहून अधिक मुलं होती; सुमारे निम्म्या शाळांत तिथल्या शिक्षकांनीच मुलांना माइंडफुलनेसचे, म्हणजे श्वासावर आणि चालू क्षणावर लक्ष आणण्याचे, पाठ दिले. २०२२ साली निष्कर्ष आले. ज्या शाळांत हे पाठ नव्हते, त्यांच्या तुलनेत मुलांच्या मानसिक आरोग्यात काही फरक पडलेला नव्हता. शिकवण्याआधी शिक्षक स्वतः ते शिकले होते, त्यांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. परिपाठानंतर दोन मिनिटं डोळे मिटून बसायला कुणाची हरकत नाही, चांगलंच आहे ते. पण तेवढ्यावर ‘मनःस्वास्थ्य’ या रकान्यात बरोबरची खूण करू नये.

दुसरा प्रयोग आपल्या जवळचा. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक माध्यमिक शाळा निवडल्या आणि त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश शाळांत ‘सेहेर’ हा कार्यक्रम राबवला. भित्तिपत्रक, तक्रार आणि सूचनांची पेटी, स्पर्धा, मुलांचे गट, एकेकट्या मुलाशी बोलण्याची सोय असं साधंसंच त्याचं रूप होतं. काही शाळांत हे काम बाहेरून नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे होतं. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे सोपवलं होतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले निष्कर्ष असे: समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दांडगाई, मारामारी आणि उदासीनता कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत काहीच फरक दिसला नाही.

शिक्षक कमी पडले, असा याचा अर्थ मी लावत नाही. ज्याच्या अंगावर आधीच सहा तास आहेत, वर पोषण आहाराची नोंद आहे, त्याच्याकडे आणखी एक जबाबदारी गेली की ती कागदावरच राहते. शिवाय गणितात नापास करणाऱ्या माणसाजवळच मन मोकळं करायला मुलं कचरतात, हेही खरं. म्हणून ‘प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाकडे समुपदेशनाचा कार्यभार’ असं पत्र निघालं की मला फारशी आशा वाटत नाही. त्याच पत्रात त्या शिक्षकाकडून कोणतं काम काढून घेतलं, ते लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

सुरुवात स्टाफरूममधून

पुढच्या शिक्षक सभेत फळ्यावर एकच यादी करा. गेल्या महिन्यात आपण जे जे केलं, पण जे शिकवणं नव्हतं आणि ज्यासाठी वरून लेखी आदेशही नव्हता, ते सगळं लिहा. यादी लांब होईल. एकच माहिती वहीत, मग पोर्टलवर, मग पुन्हा व्हॉट्सॲपवर. प्रत्येक दिनविशेषाचे फोटो. पाहुणे येणार म्हणून दोन दिवस चाललेली सजावट. यातलं बरंचसं मुख्याध्यापकांच्या एका शब्दावर थांबू शकतं, कारण ते कुणी मागितलेलंच नसतं, सवयीनं चाललेलं असतं.

वरून आलेलं काम थांबवता येत नाही, पण वाटता येतं. बहुतेक शाळांत एक तरुण ‘तंत्रस्नेही’ शिक्षक असतो आणि शाळेचं सगळं ऑनलाइन त्याच्या गळ्यात असतं. यू-डायसची माहिती त्याच्याकडे, विद्यार्थ्यांचे आधार त्याच्याकडे, शिष्यवृत्तीचे अर्जही त्याच्याकडे. कौतुक होतं त्याचं, पण त्याच्या वर्गाचं काय होतं ते कुणी विचारत नाही. हे काम महिन्याच्या पाळीनं फिरवा. ज्यांना येत नाही त्यांना त्यानं दोन वेळा शिकवावं, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः करावं. वय झालं ही सबब दरवर्षी चालत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे आणि त्यात पाठाच्या तयारीचा वेळ मोजला आहे. वेळापत्रकात तो वेळ कुठे दिसतो का, ते बघा. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. हे कलम स्टाफरूममध्ये लावून ठेवायला हरकत नाही. त्यानं सगळी कामं थांबणार नाहीत, पण लेखी आदेश मागण्याचं धैर्य येईल.

मोकळा तास हा असाच चटकन गिळला जातो. कुणी रजेवर गेलं की बदली तास ज्याच्या वाट्याला जातो, तो नेहमी नाही न म्हणणाराच असतो. बदली तासांची एक उघडी वही ठेवा, कुणाला महिन्यात किती आले ते सगळ्यांना दिसू द्या. पंधरा दिवसांत वाटणी आपोआप सरळ होते. आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटाला वेळ घाला: संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी सूचना नाही. खरोखर तातडीचं असेल तर फोन करावा. हा नियम मुख्याध्यापकांनी आधी पाळायचा. वर्गाच्या पालक गटालाही तीच वेळ सांगा. रात्री साडेदहाला ‘उद्या डब्यात काय द्यायचं’ असं विचारणाऱ्या पालकाला सकाळी उत्तर मिळालं तर काही बिघडत नाही.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण ती कुठल्याच प्रशिक्षणात येत नाही. अनेक शाळांत शिक्षिकांना वापरता येईल असं स्वच्छ, पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह नाही. अप-डाउन करणाऱ्या बाई सकाळी घर सोडल्यापासून पाणी कमी पितात, दिवसभर थांबतात, मग मूत्रमार्गाच्या संसर्गावर औषधं घेत राहतात. मोठ्या मुलींचंही तेच. शाळेकडे खर्चायला थोडे पैसे असतील तर ते व्याख्यानावर नकोत. आधी नळ, कडी, दिवा आणि झाकणाची बादली.

नव्यानं लागलेल्यांकडे वेगळं लक्ष हवं. महाराष्ट्रात नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर असतो. २०२३ पासून प्राथमिकला ते महिना १६ हजार रुपये आहे. लातूरचा मुलगा पालघरच्या पाड्यावर, नाहीतर साताऱ्याची मुलगी गडचिरोलीत, एका खोलीत एकटी. भाषा वेगळी, सोबतीला कुणी नाही, घरी सांगितलं तर ‘नोकरी लागलीय ना’ एवढंच उत्तर. अशा सहकाऱ्याला पहिल्या महिन्यात जेवायला बोलवणं हे मुख्याध्यापकांच्या कामात मोडतं, असं मी मानते. दुसऱ्या टोकाला पन्नाशीच्या आसपासचे शिक्षक आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला सांगितलं. वीस-पंचवीस वर्षं शिकवल्यावर परीक्षेला बसायची भीती आणि लाज दोन्ही असते. त्यांची थट्टा स्टाफरूममध्ये होऊ देऊ नका. चार जणांनी मिळून अभ्यास करायला शाळेतली एक खोली द्या.

एकशिक्षकी आणि दोनशिक्षकी शाळांना स्टाफरूमच नसते. त्यांच्यासाठी महिन्याची केंद्राची शिक्षण परिषद हीच जागा. तिथे केंद्रप्रमुखांनी अर्धा तास राखून ठेवावा. एका शिक्षकानं नाव न सांगता आपल्या वर्गातल्या एका अवघड मुलाबद्दल सांगावं, इतरांनी आपण काय केलं असतं ते बोलावं. प्रेझेंटेशन नाही, अहवाल नाही. दूरच्या शाळेत एकट्यानं वर्ग ओढणाऱ्या माणसाला ‘माझ्याकडेही असाच एक आहे’ हे ऐकायला मिळणं फार मोठं असतं.

मुलांचा दिवस

सकाळपासून बघू. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा या वयात ८ ते १०. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय आला. दोन सत्रांत चालणाऱ्या शहरी शाळांना हे अवघड जातं, बसचं वेळापत्रक आडवं येतं, हे खरं आहे. पण पाचवीपासूनचं मूल सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठत असेल तर पहिल्या तासाला गणित ठेवू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

परिपाठात दोन-तीन मुलं चक्कर येऊन बसतात. त्याला ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. सकाळी काही खाऊन आलं का, हे वर्गशिक्षकानं हजेरीच्या वेळी सहज विचारावं, हात वर करायला न लावता. आई पहाटे कामाला जाते, घरी चहा-खारी मिळते नाहीतर तेही नाही, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. अशा मुलासाठी पोषण आहाराची वेळ अर्धा तास अलीकडे आणता येते का, ते बघा. परिपाठ उन्हात पाऊण तास चालत असेल तर तो वीस मिनिटांवर आणा आणि सावलीत घ्या. प्रतिज्ञा, प्रार्थना, बातम्या, सुविचार आणि पंचांग यांतलं एखादं एक दिवसाआड घेतलं तर काही बिघडत नाही.

हजेरीचा वेळ हा वर्गशिक्षकाच्या हातातला सर्वांत चांगला वेळ आहे आणि तो फुकट जातो. हजेरी क्रमांकानं न घेता नावानं घ्या आणि ‘हजर’ म्हणणाऱ्याकडे बघा. पन्नास मुलांच्या वर्गात याला तीन-चार मिनिटं लागतात. काल गैरहजर असलेल्याला ‘का आला नाहीस?’ ऐवजी ‘काल तू नव्हतास, बरं होतं ना?’ असं विचारलं की उत्तर वेगळं येतं. काही शाळांत भावनांचे चेहरे काढलेला तक्ता असतो, मूल येताना आपला चेहरा निवडतं. लहान वर्गात ते चालतं. सातवी-आठवीची मुलं त्याची चेष्टा करतात आणि ती बरोबरच करतात.

पीटीचा तास गणितासाठी घेणं बंद करा. चित्रकलेचाही. दहावीच्या वर्गाला हे दोन्ही तास जानेवारीपासून सरसकट नाहीसे होतात आणि पालकही खूश असतात. ज्या वयात शरीर आणि मन दोन्ही उसळत असतात, नेमक्या त्या वर्षी मुलांचं धावणं थांबवायचं आणि मग चिडचिड वाढली म्हणून समुपदेशक शोधायचा, असा हा उलटा कारभार आहे. मधल्या सुट्टीतही वर्गात बसवून ठेवण्याची शिक्षा देऊ नका. खोडकर मुलाला सर्वांत जास्त गरज त्याच सुट्टीची असते.

शनिवारचं थोडं. पहिली ते आठवीसाठी शासनानं २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आणला. कल्पना चांगली, पण तिचाही अहवाल होतो आहे, असं काही ठिकाणी दिसतं. निदान एक शनिवार मुलांनाच ठरवू द्या. ती विटी-दांडू खेळतील, नाहीतर नुसत्या गप्पा मारतील. फोटो काढू नका.

भीती कुठे वाटते ते कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. शाळेचा साधा नकाशा काढून त्याच्या प्रती वाटा: वर्ग, जिना, मैदान, मुतारी, फाटक, बस थांबा. नाव न लिहिता, जिथे जायला नको वाटतं तिथे मुलांनी फुली मारायची. प्रती गोळा केल्या की फुल्यांचे पुंजके दिसतात. बहुतेकदा ते स्वच्छतागृहामागे, जिन्याखाली, बसच्या मागच्या बाकांवर असतात. कधी ते एखाद्या विशिष्ट वर्गखोलीवर असतात, आणि तेव्हा मुख्याध्यापकांना अवघड संभाषण करावं लागतं. वर्षातून दोनदा हे केलं तरी पुरे. मधल्या सुट्टीत कुणी कुठे उभं राहायचं, ते या नकाशावरून ठरवा.

तक्रारपेटी बहुतेक शाळांत भिंतीवर आहे. चावी कुणाकडे आहे, विचारा. ठरलेल्या वारी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीतल्या एका शिक्षिकेनं आणि एका पालकानं मिळून ती उघडावी. साध्या तक्रारींचं उत्तर परिपाठात द्यावं: ‘नळाची तक्रार होती, प्लंबर गुरुवारी येणार आहे.’ गंभीर चिठ्ठी मात्र कुणासमोर वाचायची नाही. दोन-तीन चिठ्ठ्यांची दखल घेतलेली दिसली की चौथी खरी चिठ्ठी येते. तोवर पेटीत चॉकलेटचे कागद सापडतील, त्याचं मनावर घेऊ नका.

गुण आणि अपमान

एनसीईआरटीनं २०२२ मध्ये देशभरातल्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना विचारलं होतं. चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगणारी मुलं ८१ टक्के होती. हे कुणालाही आश्चर्याचं वाटणार नाही. परीक्षा आपण रद्द करू शकत नाही. पण परीक्षेभोवतीचा अपमान शाळेनंच तयार केलेला असतो, तो शाळा थांबवू शकते.

उत्तरपत्रिका घडी घालून, गुण आत ठेवून, हातात द्या. चढत्या-उतरत्या क्रमानं वाटू नका. ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशा रांगा किंवा तुकड्या नकोत. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानंही जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. पालकसभेत एका पालकाला दुसऱ्यांदेखत मुलाचे गुण सांगू नका. प्रत्येकाला सात मिनिटं द्या, बाकीचे बाहेर बसतील. आणि त्या सात मिनिटांची सुरुवात मुलाला जे येतं त्यानं करा. आई-वडिलांना शाळेतून बोलावणं आलं की घरी आधी धसका बसतो. एकदा चांगली गोष्ट सांगायलाही बोलवून बघा.

निकालानंतर चौकात नव्वद टक्क्यांच्या वरच्यांचे फ्लेक्स लागतात. शाळेला प्रवेश हवे असतात, तेव्हा ते लागणारच. पण त्याच आठवड्यात, जे नापास झाले त्यांच्या घरी वर्गशिक्षक गेले पाहिजेत. पुरवणी परीक्षेचा अर्ज कसा भरायचा, कोणत्या दोन विषयांवर भर द्यायचा, हे त्या मुलाच्या अंगणात बसून सांगणं हे कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचं. निकालाच्या दिवशी दुपारी फोन तरी कराच.

मारण्याबद्दल कायद्यात शंकेला जागा नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरवतं. उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, वर्गाबाहेर काढणं, जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून टोमणा, सगळं त्यात येतं. ‘आम्हालाही मार बसला, आम्ही घडलो’ असं म्हणणाऱ्या शिक्षकाला घडले नाहीत अशांची नावं आठवायला सांगावं. ती आठवत नाहीत, कारण ती मुलं पाचवीनंतर शाळेत राहिलीच नाहीत. पण नुसती बंदी घालून शिक्षकाला उघड्यावर सोडू नका. वर्ग हाताबाहेर जातो तेव्हा शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दोन मिनिटं येऊन उभे राहतील, अशी ठरलेली खूण ठेवा. चिडलेल्या माणसाला पाणी पिऊन यायला वेळ मिळाला की हात उठत नाही.

एखादं मूल गप्प झालं तर

गप्प स्वभावाचं मूल वेगळं आणि गप्प झालेलं मूल वेगळं. बदल बघायचा. खेळणारा खेळेनासा होतो, अक्षर बिघडतं, डबा तसाच परत जातो, सारखं पोट दुखतं, लांब बाह्या घालून येणं सुरू होतं, आवडती वस्तू वाटून टाकली जाते. दोन आठवडे असं दिसलं तर वर्गशिक्षकानं बोलावं, वर्गासमोर नाही, स्टाफरूममध्येही नाही. वाचनालयात पुस्तकं लावायला मदतीला घ्या, मैदानाकडे चालत जा. शेजारी शेजारी काम करताना मुलं जास्त बोलतात.

वाक्य साधं असावं. ‘गेले काही दिवस तू मागच्या बाकावर जाऊन बसतोस, डबाही खात नाहीस. मला काळजी वाटली म्हणून विचारतेय.’ एवढं म्हणून थांबा. लगेच उत्तर येणार नाही. ‘तुला काय कमी आहे’, ‘देवाचं नाव घे’, ‘त्या अमक्याचं बघ, वडील नाहीत तरी पहिला येतो’ यातलं काहीही नको. आणि ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत आणावी लागेल, बाकी आपल्या दोघांत राहील’ हे आधीच सांगा.

मरणाची भाषा ऐकू आली तर घाबरून विषय बदलू नका. ‘जगू नये असं मनात येतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी ओळखलं म्हणून सुटका वाटते. उत्तर हो असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही, शाळा सुटली म्हणून घरी पाठवायचं नाही. आई-वडिलांना बोलवा, त्यांच्याशी शांतपणे बोला, आणि घरातली औषधं व शेतावरची फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगा. हे शेवटचं सांगायला संकोच करू नका.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर नियम वेगळा आहे. पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेची अंतर्गत चौकशी आधी आणि पोलीस नंतर, असा क्रम चालत नाही. संस्थेचं नाव खराब होईल, ही काळजी त्या वेळी करायची नसते. मुलाला तीच गोष्ट चार जणांपुढे चारदा सांगायला लावू नका.

दोन ठिकाणच्या मुलांसाठी ही सगळी काळजी दुप्पट हवी. आश्रमशाळेत सहा-सात वर्षांचं मूल आई-बापापासून दूर राहतं. पहिले दोन महिने रात्री रडणं, अंथरुण ओलं होणं हे अपेक्षित आहे. त्यावर हसू नये, सकाळी ते सगळ्यांदेखत उन्हात वाळत घालायला लावू नये. आठवड्याला एक फोन घरी, ठरलेल्या वेळी, अधीक्षकांच्या मोबाइलवरून. त्या मुलाची बोली समजणारं एक तरी माणूस, मग ती स्वयंपाकीण मावशी का असेना, त्याच्याशी रोज दोन शब्द बोलेल असं बघा. दुसरी मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतली गावं रिकामी होतात, कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. काही मुलं आई-बापाबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावात राहतात. मागे राहिलेल्या मुलीवर धाकट्या भावंडांचं सगळं पडतं. ती उशिरा आली म्हणून बाहेर उभी करू नका. फडावरून चैत्रात परत आलेल्या मुलाला आल्या दिवशी चाचणी देऊ नका. त्यानं काय पाहिलं, ते आधी वर्गाला सांगू द्या. कारखान्याचा काटा कसा चालतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

मदत कुठे मिळते

टेलि-मानस या केंद्र सरकारच्या सेवेचा क्रमांक १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फोन मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८. हे दोन आकडे फाटकाजवळ, स्वच्छतागृहाच्या दारामागे आणि स्टाफरूममध्ये ऑइलपेंटनं लिहा. दारामागे यासाठी, की तिथे कुणी बघत नसताना आकडा पाठ करता येतो. स्टाफरूममध्ये यासाठी, की टेलि-मानस शिक्षकांसाठीही आहे.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांनी एकदा प्रत्यक्ष जाऊन वार, वेळ आणि तिथल्या माणसाचा फोन वहीत लिहून आणावा. गरज पडल्यावर शोधाशोध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या वर उल्लेखलेल्या जुलै २०२५ च्या सूचनांप्रमाणे शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. संस्थाचालकांना हे लेखी कळवा, व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात घ्या. एका तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून एक समुपदेशक ठेवला आणि त्याचे वार वाटून घेतले, तर खर्चही झेपतो. मात्र त्याला बदली तासावर पाठवू नका आणि त्याच्याकडून मुलांच्या गोष्टी काढून घेऊ नका. मुलांना ते एका दिवसात कळतं.

समुपदेशक आला तरी बाकीच्यांचं काम संपत नाही. दिवसातले पाच-सहा तास मूल वर्गात असतं, समुपदेशकाकडे अर्धा तास. शाळेतली शिपाईमावशी, बसचे काका, पोषण आहाराच्या ताई यांनाही वर्षातून एकदा जवळ बसवून सांगा की काय दिसलं तर कुणाला कळवायचं. त्यांना बरंच आधीपासून ठाऊक असतं, कुणी विचारलेलं नसतं.

तेव्हा येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच घ्या: या महिन्यापासून शाळेत कोणत्या तीन गोष्टी बंद. त्या तीन गोष्टी इतिवृत्तात लिहा, त्याखाली मुख्याध्यापकांची सही घ्या. सभा शाळेच्या वेळेत घ्या आणि चाळीस मिनिटांत संपवा.